ओट्यावरचा मायक्रोवेव्ह आणि नातीची दुधाची बाटली

सप्रेम नमस्कार. दिवाळीत मुलाने कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आणून ओट्यावर ठेवला. सून नुकतीच पुन्हा कामावर जायला लागली आहे आणि आठ महिन्यांची नात दिवसभर माझ्याकडे असते. सून म्हणते, फ्रीजमधलं दूध बाटलीसकट त्यात ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, त्यातून किरणं बाहेर येतात, पोर स्वयंपाकघरात असताना बटण दाबायचं नाही. मी एकदा स्टीलच्या वाटीत आमटी ठेवली तर ठिणग्या उडाल्या. भात गरम केला की कडेला चटका बसतो आणि मधे गार. पोळी तर चामड्यासारखी होते. आता त्याच्यावर ब्रेडचा पुडा आणि किल्ल्या ठेवतो आम्ही. हे यंत्र खरंच सुरक्षित आहे का? असेल तर नीट वापरायचं कसं?
ता. क. सासूबाईंचं तळण डॉक्टरांनी बंद केलंय, पण पापड त्यांना फार आवडतो. तो त्यात होतो का?
– एक आजी, डोंबिवली

नमस्कार ताई,

दुधाचं आधी सांगते, कारण त्यात थांबायला वेळ नाही. नातीचं दूध बाटलीसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका. सुनेने काढून ठेवलेलं असो, पावडरचं असो की वरचं, एकदाही नको. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आतल्या दुधात मधेच एखादा भाग कढत झालेला असतो. तुम्ही बाटली गालाला लावून बघता, ठीक वाटते, आणि बाळाची जीभ, टाळू पोळतो. ते सांगू शकत नाही, फक्त रडतं, आणि आपण म्हणतो भूक लागली असेल. शिवाय बाटलीचं बूच घट्ट असेल तर आत वाफ कोंडते.

सुनेची घाई मला कळते. सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या बाईला घरचं प्रत्येक काम झटपट व्हावंसं वाटणारच. तिला हे असं सांगा: मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या वाडग्यात नुसतं पाणी गरम करायचं, वाडगा बाहेर ओट्यावर ठेवायचा आणि त्यात दुधाची बाटली चार-पाच मिनिटं उभी करायची. मग बाटली हळूच फिरवून दूध सारखं करायचं आणि दोन थेंब मनगटाच्या आतल्या बाजूला टाकून बघायचे. मनगटाला काहीच जाणवलं नाही, ना गरम ना गार, की दूध बाळाजोगं झालं. यंत्राचा उपयोगही झाला आणि धोकाही टळला.

खिमट, मऊ भात किंवा नाचणीचं सत्त्व गरम करायला हरकत नाही, कारण ते ढवळता येतं. पण तळापासून नीट ढवळा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा ढवळा आणि मनगटावर बघूनच भरवा.

आता सासूबाईंची किरणं. त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. किरणं आहेत, हे खरंच आहे. आत मॅग्नेट्रॉन नावाची नळी असते, ती २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते. रेडिओ, वायफाय आणि आपल्याला दिसणारा उजेड, या सगळ्यांच्याच कुळातल्या. क्ष-किरण शरीरातल्या रेणूंची मोडतोड करू शकतात, म्हणून त्यांना जपायचं असतं. या लहरींमध्ये तेवढा जोर नसतो, त्या फक्त तापवतात. बटण बंद झालं की दिवा मालवल्यासारख्या लहरी संपतात, पदार्थात काही उरत नाही. भात गरम केला म्हणून त्यात किरणं शिरून बसत नाहीत.

आणि त्या बाहेर का येत नाहीत, ते दाराच्या काचेकडे बघून त्यांना दाखवा. काचेत बारीक भोकांची जाळी दिसते. या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, आपल्या तळहाताच्या रुंदीपेक्षा जास्त. भोकं जेमतेम एक-दोन मिलिमीटरची. उजेडाची लहर अतिशय बारीक, ती त्या भोकांतून आरामात येते, म्हणून आपल्याला आतलं दिसतं. मायक्रोवेव्हची लहर त्यातून निसटू शकत नाही. दार उघडताच यंत्र बंद पडावं म्हणून आत एकापेक्षा जास्त स्विच असतात. थोडीफार गळती झाली तरी तिला मर्यादा घातलेली आहे: पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉट. तिथून दूर जाल तशी ती झपाट्याने घटते. नात स्वयंपाकघरात खाली खेळत असेल तर बटण दाबायला काही हरकत नाही.

मात्र दार वाकलं, बिजागरी सैल झाली, काचेला किंवा जाळीला तडा गेला, दार नीट लागेनासं झालं, तर यंत्र त्याच दिवशी बंद करायचं आणि दुरुस्त होईपर्यंत लावायचं नाही. दाराच्या कडेला साचलेला तेलकट थर पुसत राहायचा, कारण दार घट्ट बसणं त्यावर अवलंबून आहे. उघड्या दारावर मुलांना लोंबकळू द्यायचं नाही. नात चार महिन्यांत पावलं टाकायला लागेल, तेव्हा हे आठवा.

सासूबाईंना गोष्ट आवडत असेल तर हीही सांगा. अमेरिकेत रेथिऑन नावाच्या कंपनीत पर्सी स्पेन्सर नावाचे इंजिनिअर रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करत. १९४५ साली त्याच्याजवळ उभं असताना खिशातलं चॉकलेट वितळलेलं त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांनी मुद्दाम मक्याचे दाणे समोर धरून बघितले. १९४७ मध्ये बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाएवढं उंच होतं. घरच्या ओट्यावर मावेल असं १९६७ च्या सुमारास आलं.

आता भात. कडेला चटका, मधे गार, यात तुमचं काही चुकलेलं नाही. मायक्रोवेव्ह पदार्थ आतून शिजवतो असं पुष्कळ जण सांगतात, ते खरं नाही. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात आणि तिथल्या पाण्याला तापवतात. पुढे मधोमधपर्यंत ऊब पोचते ती गॅसवरच्या पातेल्यात पोचते तशीच, सरकत सरकत. त्यात लहरी आतल्या भिंतींवर आपटून परत येतात, त्यामुळे कुठे त्यांचा जोर पडतो, कुठे पडत नाही. आतली काचेची ताटली फिरते ती त्यासाठीच.

म्हणून भाताचा डोंगर करू नका. काचेच्या पसरट भांड्यात तो कडेकडेने पसरा आणि मधे खळगं ठेवा. वरून चमचाभर पाणी शिंपडा. झाकण ठेवा, पण वाफेला वाट राहील इतकं सैल. एक मिनिट लावा, बाहेर काढून ढवळा, पुन्हा एक मिनिट. मग दोन मिनिटं झाकून तसंच ठेवा. ही दोन मिनिटं मी स्वतः बरीच वर्षं वगळत असे आणि भात गारच राहिला म्हणून पुन्हा लावत असे. कडेची ऊब मधे पोचायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. आमटी, उसळ, भाजी, सगळ्याला हीच रीत. शिळं अन्न पार मधोमध ७४ अंशांपर्यंत तापायला हवं. घरी त्याची खूण एकच: मधे चमचा घातला तरी वाफ आली पाहिजे.

भाताचं आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. शिजवलेल्या भातात काही जिवाणूंची बीजं जिवंत राहतात. भात ओट्यावर तासन्‌तास राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही, मायक्रोवेव्हमध्येही नाही आणि गॅसवरही नाही. तुमच्याकडच्या दमट हवेत दुपारचा भात संध्याकाळपर्यंत पातेल्यात तसाच राहिला तर तो घरातल्या ८४ वर्षांच्या आणि आठ महिन्यांच्या माणसाला देऊ नका. जेवणं झाली की तो पसरट भांड्यात काढायचा, थोडा निवला की दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि लागेल तेवढाच काढून एकदाच गरम करायचा.

पोळीसाठी तवा घ्या. मी हे हट्टाने सांगते. पोळीत पाणी आधीच कमी, ते वाफ होऊन गेलं की मागे वातडपणा उरतो. अगदी अडलं तर पोळी किंचित ओलसर सुती फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा सेकंद लावा आणि लगेच ताटात वाढा. भाकरीचंही तेच.

स्टीलच्या वाटीने तुम्हाला घाबरवलं, ते बरंच झालं. धातू लहरींना परतवतो, त्यामुळे स्टीलच्या डब्यातलं अन्न धड तापत नाही, आणि धातूचा पातळ काठ, टोक किंवा चुरगळलेला फॉइल असेल तर तिथे ठिणगी पडते. काचेच्या बशीचा सोनेरी काठही धातूचाच. चहाच्या पुडीला लावलेली स्टेपलरची पिनसुद्धा. घरात बोरोसिलिकेट, म्हणजे ताप सोसणाऱ्या काचेची दोन-तीन भांडी असली की पुरे. फक्त फ्रीजमधून काढलेलं गार भांडं एकदम कडक तापवू नका आणि तापलेलं ओल्या ओट्यावर टेकवू नका, तडकतं.

मेलामाइनच्या ताटल्या आत नकोत. हॉटेलातून जेवण येतं ते पातळ डबेही नकोत. प्लॅस्टिकवर ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं असलं तर ते भांडं सहसा वितळत नाही, एवढाच त्याचा अर्थ धरा. तर्रीचा रस्सा किंवा साखरेचा पाक पाण्याच्या उकळबिंदूच्याही वर तापतो, तिथे चांगलं प्लॅस्टिकही मऊ पडतं. तेलकट आणि गोड पदार्थ काचेतच ठेवा. नातीसाठी तर मी प्लॅस्टिक अजिबात वापरणार नाही. वर्तमानपत्राचा कागद ना झाकायला ना खाली घालायला. शाई अन्नाला लागते, आणि कागद पेटूही शकतो.

जुनं भांडं चालेल की नाही कळत नसेल तर ते रिकामं ठेवा, शेजारी काचेच्या पेल्यात पाणी ठेवा आणि एक मिनिट लावा. पाणी तापलं आणि भांडं गारच राहिलं तर चालेल. भांडं तापलं तर नको. धातू किंवा सोनेरी नक्षी असलेल्याची मात्र ही परीक्षासुद्धा घेऊ नका. पाण्याचा पेला विसरू नका, आत काहीच नसताना यंत्र चालवलं की मॅग्नेट्रॉन खराब होतो.

किरणांची धास्ती घरोघरी दिसते, वाफेची नाही. खरं भाजणं होतं ते वाफेने आणि पाण्याने. माझंच सांगते. एकटीपुरती कॉफी करायची म्हणून गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी ठेवलं. बुडबुडे दिसेनात, म्हणून पुन्हा लावलं. बाहेर काढून कॉफीची पूड टाकली आणि पाणी एकदम उसळून मनगटावर आलं. डाग कितीतरी दिवस होता. पाणी उकळायला आधी कुठेतरी बुडबुडा धरावा लागतो. पातेल्याच्या खरबरीत तळाला तो सहज धरतो, गुळगुळीत काचेत नाही, आणि पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही शांत दिसत राहतं. चमचा किंवा पूड पडली की सगळं एका क्षणात उकळतं. म्हणून पाण्यात लाकडी चमचा ठेवूनच तापवा, एकदा तापवलेलं पुन्हा लावू नका आणि काढण्यापूर्वी अर्धं मिनिट आतच राहू द्या. झाकण उघडताना ते आपल्यापासून लांबच्या बाजूने उचला. भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल किंवा बाळाला भाजलं असेल तर डॉक्टरांकडे.

अंडं कवचासकट कधीच ठेवू नका. उकडलेलं, सोललेलं अंडंही पुन्हा गरम केलं तर तोंडाशी नेताना फुटू शकतं. बटाटा, वांगं, टोमॅटो यांना काट्याने आधी पाच-सहा भोकं पाडा. आणि तळण या यंत्रात करूच नका, तेल किती तापलंय ते कळत नाही आणि पेट घेऊ शकतं. फोडणीही गॅसवरच करा.

तर मग हे यंत्र शोभतं कुठे? भाजणीच्या कामात, असं माझं मत. शेंगदाणे पसरट काचेच्या ताटलीत एका थरात घाला. वाटीभर दाण्यांना तीन-चार मिनिटं पुरतात, पण दर मिनिटाला बाहेर काढून हलवा. खमंग वास सुटायला लागला की काढा. ते बाहेरही थोडे भाजत राहतात, आणि आत रंग बघत बसलात तर मधले दाणे काळे पडतात. रवा तसाच भाजा, त्याला गॅससमोर उभं राहावं लागत नाही. बेसनाच्या लाडवांचं बेसन तुपात कालवून दीड-दोन मिनिटांच्या टप्प्यांनी भाजता येतं, प्रत्येक टप्प्याला तळापासून परतून. तिथे सलग पाच मिनिटं लावायचा मोह मात्र आवरा, मधे जळतं आणि वरून कळत नाही. लिंबू दहा-पंधरा सेकंद तापवलं की रस सुटतो. फरसबी, गाजर, फ्लॉवर चमचाभर पाण्यावर झाकून शिजवलं तर रंग राहतो, आणि पाणी ओतून द्यावं लागत नसल्यामुळे जीवनसत्त्वंही भरपूर पाण्यात उकडण्यापेक्षा जास्त टिकतात. चार सुक्या मिरच्या किंवा चमचाभर तीळ मात्र नको. इतक्या थोड्या, कोरड्या जिनसा पाहता पाहता पेटतात.

आत काही पेटलंच, तर दार उघडू नका. बोर्डावरून स्विच बंद करा आणि दार लावलेलंच ठेवा. हवा मिळाली नाही की जाळ विझतो.

रेसिपीतला वेळ आपल्याकडे जुळत नाही, ही तक्रारही नेहमी येते. प्रत्येक यंत्राची ताकद वेगळी. एक लिटर नळाचं पाणी काचेच्या भांड्यात घ्या, थर्मामीटरने तापमान बघा, पूर्ण ताकदीवर बरोबर दोन मिनिटं लावा, ढवळा आणि पुन्हा बघा. जेवढे अंश वाढले, त्याला ३५ ने गुणा, साधारण तेवढे वॉट तुमचं यंत्र पदार्थाला देतं. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर हवा, तापाचा चालणार नाही. हजारासाठी लिहिलेली रेसिपी सातशेच्या यंत्रात केली तर वेळ जास्त लागणारच.

मुलाला एक काम सांगा. कन्व्हेक्शनचं, म्हणजे गरम हवेनेही भाजणारं यंत्र दोन हजार वॉटच्याही वर ओढू शकतं. मोबाइल चार्ज करायच्या लहान ६ अँपिअरच्या सॉकेटला ते पेलत नाही. त्याला अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट हवं, एक्स्टेंशन बोर्ड नको. इमारत जुनी असेल तर वायरिंग तेवढं झेपणारं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आणि वरचा तो ब्रेडचा पुडा आजच काढा. आतली गरम हवा बाहेर पडायला वर, मागे, बाजूला मोकळी जागा लागते, किती ते सोबतच्या पुस्तिकेत असतं.

कन्व्हेक्शन आणि ग्रिल लावलं असताना यंत्र खऱ्या भट्टीसारखं तापतं, बाहेरचं दारही. केकसाठी धातूचा डबा फक्त कन्व्हेक्शनवर चालतो, मायक्रोवेव्हवर नाही. तेव्हा सुरू करण्याआधी कुठलं बटण लागलंय ते बघा. नात रांगत असताना हे मोड शक्यतो ती झोपल्यावरच वापरा.

आत डाग पडले तर वाडगाभर पाण्यात लिंबाच्या फोडी टाकून तीन-चार मिनिटं लावा, पाच मिनिटं दार न उघडता ठेवा, मग ओल्या फडक्याने पुसा. आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा दिसणारा अभ्रकाचा तुकडा असतो, त्याच्यावर तेल साचलं की तिथून ठिणग्या उडतात. तो जळाला असेल तर बदलून घ्या, उपटून टाकू नका. पत्र्याचं कव्हर घरच्या कोणीही उघडायचं नाही. आतला कपॅसिटर पिन काढल्यावरही हजारो व्होल्टचा धक्का देऊ शकतो.

पापड होतो, आणि छान होतो. उडदाच्या पापडाला दोन्ही बाजूंनी तेलाचं बोट फिरवा, नाही फिरवलं तरी चालतं. तो फिरत्या काचेवर ठेवा आणि पूर्ण ताकदीवर तीस-चाळीस सेकंद लावा. कुठे फुललेला दिसेल, कुठे कच्चा. ते कच्चे डाग सासूबाईंना दाखवा, लहरी कुठे पोचल्या नाहीत ते पापडावर उमटतं. मग पापड थोडा फिरवून आणखी दहा सेकंद. बाहेर काढताना मऊ वाटला तर घाबरू नका, गार होताना कुरकुरीत होतो. फक्त मिठाचं डॉक्टरांना विचारून घ्या, पापडात ते बरंच असतं.